भिंतीला हात लावणाऱ्या बायका

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी विज्ञानकथा लिहायला लागले. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईने दुसरं काय लिहावं, असं नवरा म्हणायचा. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. त्यात माणसं पिढ्यानपिढ्या एका यानात राहतात, पृथ्वी कुणीच पाहिलेली नाही. त्यांच्यासाठी मी एक धर्म रचला होता. संध्याकाळी सगळ्यांनी यानाच्या भिंतीला तळहात लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, ‘आम्ही आत आहोत.’ देव नाही, पोथी नाही, एवढंच.

अंक निघाल्यावर वारज्याहून एका बाईंचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहत होत्या.

“अहो, तुमचं ते आम्ही करतो बरं का. सोसायटीतल्या पाच-सहाजणी. या ना एकदा.”

“माझं काय करता?”

“भिंतीचं.”

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. “भिशीचा कंटाळा आला असेल,” नवरा म्हणाला. मी कोथरूडहून बसने गेले.

घरात चारचौघींसारख्या बायका होत्या. पाण्याच्या टँकरवरून तावातावाने बोलणं चाललं होतं. दिवेलागणीला बाईंनी टीव्ही आणि पंखा बंद केला. सगळ्या उठून खिडकीजवळच्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मीही राहिले. भिंत गार होती.

“आम्ही आत आहोत.”

झालं, असं समजून मी हात काढणार, तेवढ्यात त्या सगळ्याजणी हळू आवाजात म्हणाल्या, “बाहेर कोण आहे?”

मग कुणी हललं नाही. त्या वाट पाहत होत्या. बऱ्याच वेळाने सगळ्यांचे हात एकदम खाली आले. कुणी खूण केली नव्हती. माझाही हात त्यांच्याबरोबरच खाली आला होता.

पोहे खाताना मी विचारलं, “तो प्रश्न कुणी घातला?”

“कथेतच आहे की,” बाई म्हणाल्या. त्यांनी अंक आणला, पानं चाळली. प्रश्न कुठेच नव्हता. “मग आम्हाला सगळ्यांना कसा येतो?” एकीने विचारलं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात तो प्रश्न होता, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यावर काय उत्तर यावं हे ठरेना, म्हणून कथा पाठवण्याआधी मी तो पुसला होता. नवऱ्यानेसुद्धा तो वाचलेला नव्हता.

बाई लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्टचं दार लावता लावता म्हणाल्या, “पुढच्या वेळी काही पुसू नका.”

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. म्हणाला, “मग तू हात कशामुळे काढलास?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

मी परत वारज्याला गेले नाही. बाईंचे फोन आले, ते उचलले नाहीत. पुढच्या दिवाळीला संपादकांना प्रवासवर्णन दिलं.

परवा शहराच्या दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीत राहणारी माझी जुनी सहकारी भेटली. त्यांच्या इमारतीत बायका संध्याकाळी जमून भिंतीपाशी काहीतरी नवीन करतात, असं ती सहज बोलली.

“वारज्याहून कुणी शिकवायला आलं होतं का?” मी विचारलं.

“छे गं. कुणीच नाही.” मग म्हणाली, “तू का विचारतेस? तुलाही येतं?”