पुलानंतर डावीकडे

चढ दिसला की तो सायकलवरून खाली उतरायचा, कपाळाला आडवा हात लावून त्या चढाकडे नीट पाहायचा, आणि सायकल वळवून आल्या वाटेनं परत निघायचा. "चढ आला म्हंजे समजाचं, रस्ता चुकला," असं तो म्हणे. बरोबरचा माणूस सांगायचा, अरे रस्ता हाच आहे, ते बघ समोर गाव दिसतंय. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "गाव चुकीच्या जागी हाय."

कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, मी कारकून होतो आणि तो काट्यावर. कापसाच्या गाड्या यायच्या, त्या तो तोलायचा. मूळ गाव धनज. तिथं थोडी शेती आणि बायको. बाजाराच्या दिवशी जीन बंद असे, तेव्हा तो सायकलनं घरी जाई. धनजचा रस्ता सरळ आहे, पण वाटेत एका नाल्यापाशी जेमतेम पुरुषभर उंचीचा चढ लागतो. तेवढ्यासाठी तो तीन गावं फिरून जायचा. सकाळी निघालेला माणूस जेवणवेळ टळल्यावर पोचे, दोन घास खाई आणि लगेच परत निघे, कारण परतीलाही तीच तीन गावं. बायको म्हणायची, हे घरी येत नाहीत, घरावरून जातात.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याला रस्ता विचारू नये असं सगळे सांगतात आणि तरी सगळे त्यालाच विचारतात. एका चैत्रात पोहरादेवीच्या जत्रेला निघालेली पाच-सहा माणसं जिनाच्या फाटकाशी पाणी प्यायला थांबली आणि त्यांनी जवळची वाट विचारली. त्यानं काटा सोडला, त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि मातीत बोटानं रेघ काढत वाट सांगितली. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या आमराईत दुपारी निजावं, अडाण नदीच्या कोणत्या वळणावर बसलं की पाण्यात आभाळ दिसतं, सगळं सांगितलं. ती माणसं पोहरादेवीला पोचली तेव्हा जत्रा उठून गेली होती. आठवड्यानं ती परत आली. आता याची खैर नाही, असं आम्हाला वाटलं. त्यांनी त्याला नारळ दिला, आणि पुढच्या वर्षी दुसरी एखादी जत्रा अशीच सांगा म्हणाली.

ही विद्या तो इटलीत शिकला होता.

दुसऱ्या महायुद्धात तो इंग्रजांच्या फौजेत खेचरं हाकायला होता. वाळवंटात पकडला गेला आणि इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत जाऊन पडला. इकडं धनजला सरकारी कागद आला, तो बेपत्ता असा. पुढं इटलीवाल्यांनी लढाई सोडली, छावणीचे पहारेकरी एका सकाळी फाटक उघडं टाकून घरी गेले, आणि कैदी मिळेल त्या दिशेनं पांगले. हा दिवसभर शेतांमधून चालला आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी पोचला. म्हाताऱ्यानं याला रात्रभर ठेवून घेतलं, अंगात घालायला आपला कोट दिला, टोपी दिली, आणि कुठून तरी एक सायकल आणून याच्या हातात ठेवली. बायकांची सायकल, मधला दांडा नसलेली. दक्षिणेकडे बोट दाखवून म्हातारा इंग्रज, इंग्रज म्हणाला. इंग्रजांची फौज तिकडून वर येत होती. यानं छातीवर हात ठेवून खुणेनं वचन दिलं, की सायकल परत आणून देईन.

आता अडचण अशी, की तो सगळा मुलूख डोंगरांचा. जिनाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली दुपारी भाकरी सोडून बसलं की तो हे सांगायचा, आणि सांगताना अजून त्याला राग यायचा.

"लोकं येडे हायेत तिथले, बाबू. चांगली सपाट जागा पडली खाली, अन् गावं बांधते टेकडीच्या शेंड्यावर."

त्यामुळे त्यानं तीस-चाळीस गावं पाहिली, पण सगळी खालून. दऱ्यादऱ्यांनी, ओढ्याओढ्यांनी तो सायकल हाकत राहिला. एकीकडं झाडांवर चढवलेले द्राक्षांचे वेल, दुसरीकडं बोराएवढ्या कडू फळांची राखी पानांची झाडं, मधून पांढरी धूळ उडवणारा रस्ता. चढ आला की वळायचं. जर्मन शिपाई दिसले की मुका व्हायचं. एकदा तर जर्मनांची लॉरी थांबली आणि यालाच रस्ता विचारला. यानं खुणांनी आपला बिनचढाचा रस्ता दाखवला. "अजून फिरून राह्यले असतीन," तो म्हणायचा.

एकोणिसाव्या दिवशी त्याला समोर एक ओळखीचं फाटक दिसलं. ती त्याचीच छावणी होती. आत कोणी नव्हतं. तो आपल्या जुन्या खाटेवर जाऊन झोपला, खाटेखाली विसरलेलं आपलं टमरेल घेतलं आणि सकाळी दुसऱ्या बाजूनं निघाला. या खेपेला महिन्याभरानं तो इंग्रजांच्या चौकीवर पोचला. त्यांनी त्याला चहा दिला आणि सायकल काढून घेऊन एका ढिगावर फेकली. त्यानं पुष्कळ सांगून पाहिलं की ही परत करायची आहे. कोणी ऐकलं नाही.

हे त्याला फार लागलं होतं. गावी परतल्यावर त्यानं सायकल घेतली, ती तो चालवायचा, पण कुणी "तुझी सायकल" म्हटलं की उतरून चालू लागायचा. शेवटी एक दिवस तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, म्हाताऱ्याला पत्र लिहून द्या.

मी नाव विचारलं. म्हाताऱ्याला सगळे बाबा म्हणत होते, एवढंच त्याला माहीत. गाव विचारलं. गाव वर टेकडीवर होतं, म्हणून तो गेला नव्हता. मग पत्ता काय लिहू? तो म्हणाला, रस्ता लिवा.

पुढच्या कित्येक दुपारी आम्ही तो पत्ता लिहिला. नेपल्स बंदरापासून सुरुवात केली. एका बुरुजाचं गाव उजव्या हाताला सोडावं. जिथं दोन ओढे मिळतात तिथं पाणी प्यावं. पिवळ्या भिंतीशी कुत्रं आहे, उतरून चालावं. अंजिराची सात झाडं मोजावीत, आठव्याशी वळावं. पूल लागेल, पुलानंतर डावीकडे. त्याला एकही वळण आठवावं लागत नव्हतं. डोळे मिटून, दोन्ही हातांत हँडल धरल्यासारखे पुढे करून तो सांगायचा आणि मी इंग्रजीत उतरवायचो. पत्ता अकरा कागद झाला. पत्र एका ओळीचं होतं: सायकल फौजेनं घेतली, माफ करा.

पोस्टमास्तरांनी ते बाड उलटसुलट करून पाहिलं आणि पत्ता कुठे आहे ते विचारलं. हा सगळाच पत्ता आहे, मी म्हणालो. ते म्हणाले, मग पत्र कुठाय? मी आतली ओळ दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला. हा काट्यावरचा गडी मागून पुढं आला आणि त्यानं त्यांना अगदी गंभीरपणे समजावलं, की तिकडच्या डाकवाल्याला सायकल द्यायला सांगा, पायी जमणार नाही.

पत्र गेलं. सव्वा वर्षानं उत्तर आलं.

ते तिकडच्या भाषेत होतं. अकोल्याकडच्या मिशनमधला एक म्हातारा पाद्री कधीमधी कारंज्याला येई, त्याला ती भाषा येत होती. त्यानं आमच्यासमोर पत्र वाचलं. पहिल्यांदा मनात वाचलं, आणि त्याला इतकं हसू आलं की त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली.

पत्र म्हाताऱ्याच्या मुलीचं होतं. बाबांची प्रकृती बरी आहे. तुमचं पत्र घेऊन दोन डाकवाले पाच दिवस सायकलनं फिरले. आमच्या मुलखात इतक्या सुंदर जागा आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मात्र तुम्ही एक चूक केली. पुलानंतर डावीकडे नाही, उजवीकडे. डावीकडे आमच्या पाद्र्यांचं घर आहे. पत्र आधी त्यांच्याकडे गेलं, आणि सायकल त्यांची होती.

आम्हाला कळेना. मग अकोल्याच्या पाद्र्यानं पत्र पुढं वाचून समजावून सांगितलं. तिकडचे पाद्री पायघोळ झगा घालतात, म्हणून ते मधला दांडा नसलेली सायकल चालवतात. म्हाताऱ्यानं त्या रात्री पाद्र्याच्या अंगणातून सायकल उचलून आणली होती. तिकडचा पाद्री इतकी वर्षं समजत होता की जर्मनांनी नेली, आणि दर रविवारी देवळात त्याबद्दल जर्मनांना शाप देत होता. आता त्याला खरं कळलं. त्यानं म्हाताऱ्याला देवळात सगळ्यांदेखत शेवटच्या रांगेत बसवलं होतं, आणि म्हातारा खाली मान घालून तिथं बसत होता.

काट्यावरचा गडी ऐकत उभा होता. दुपारभर त्यानं काट्यावर एकही गाडी घेतली नाही. गाडीवाले ओरडून थकले. संध्याकाळी माझ्याकडे आला.

"मले जीव वाचवाले सायकल देल्ली त्यानं. अन् म्या त्याले चोर केलं."

दुसऱ्या दिवशी तो आपली सायकल लोहाराकडे घेऊन गेला आणि मधला दांडा कापायला सांगितला. लोहार भला माणूस, त्यानं आधी नकार दिला. मग दांडा कापून, वाकवून खाली बसवून दिला. कारंज्याच्या बाजारातून तो त्या सायकलवरून निघाला तेव्हा माणसं दुकानांतून बाहेर येऊन हसली. तो एका पायानं टेकून प्रत्येकाला सांगत होता, की ही पाद्र्याची सायकल आहे, झगा अडकू नये म्हणून अशी.

अकोल्याच्या पाद्र्यानं मुंबईच्या एका मिशनला चिठ्ठी दिली. तिथून एक इटलीचे पाद्री बोटीनं मायदेशी जाणार होते, ते सायकल नेतील. मुंबईपर्यंत सायकल रेल्वेत टाक, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. पण वाकवलेला दांडा टिकतो की नाही हे पाहिल्याशिवाय देवाच्या माणसाला सायकल कशी द्यायची, असा त्याचा प्रश्न होता. आणि मधले घाट? त्याचं त्यानं उत्तर काढून ठेवलं होतं. आपली पूर्णा नदी तापीला मिळते, तापी सुरतेपाशी समुद्राला. पाण्याला चढता येत नाही. म्हणजे पाण्याच्या काठाकाठानं गेलं की सुरतेपर्यंत चढ नाही. सुरतेहून समुद्र उजव्या हाताला ठेवायचा की मुंबई.

मी नकाशा काढून पाहिला. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

तो निघाला त्या दिवशी मी धनजला गेलो होतो. बायकोनं भाकरी, चटणी आणि गूळ बांधून दिला. ती मोजकं बोलणारी बाई. सायकलच्या वाकड्या दांड्याकडे पाहत ती मला म्हणाली, "मांगं गेल्ते तवा कागद आला बेपत्ता म्हनून. आता कागद येऊ देऊ नका, भाऊ."

कागद आले, पण पोस्टकार्डांचे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बाजाराच्या दिवशी मी ती घेऊन धनजला जाई. तो लिहायचा: भुसावळ. केळी स्वस्त. डाव्या अंगाचा रस्ता घ्यावा. पुढचं: तापीला पूर आहे, शेतकऱ्यानं तीन दिवस ठेवलं, त्याची म्हैस व्याली. त्यापुढचं: सुरत. पाणी खारट लागलं. दांडा ठीक. बायको प्रत्येक कार्ड दोनदा वाचायला लावी आणि मग उलटं करून मागची बाजू पाही, तिथं काही राहिलं असेल म्हणून.

दीड महिन्यानं तो रेल्वेनं परत आला. सायकल बोटीत चढलेली त्यानं स्वतः पाहिली होती. पुढच्या हिवाळ्यात मुलीचं पत्र आलं. सायकल मिळाली. पाद्री ती चालवतात आणि ब्रेक फार कडक आहेत म्हणतात. त्यांनी बाबांना पुन्हा पहिल्या रांगेत बोलावलं आहे. पण बाबा जात नाहीत. मागच्या रांगेत झोप चांगली लागते, हे त्यांना आता कळलं आहे.

पत्र ऐकून तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. मग काटा सुरू केला आणि संध्याकाळपर्यंत गाड्या घेतल्या.

दोन वर्षांनी भादव्यात त्याला ताप भरला आणि आठ दिवसांत तो गेला. मी धनजला पोचलो तेव्हा घरात फक्त ती होती. माणसं नदीवरून यायची होती. मी ओसरीवर बसलो. तिनंच विचारलं.

"भाऊ, ते तिकडं छावनीतून सुटले, त्या दिवशी त्यायनं खाल्लं काय? तुमाले म्हाइत हाय काय?"

मी म्हणालो, तुम्हाला सांगितलं असेल की त्यानं.

"मले त्यायनं रस्ते सांगतले. सारे सांगतले. खाल्ल्याचं मी कवा इचारलं नाई. तो कागद आला तवापासून मी एकच वेळ जेवत होतो. म्हनलं, तिथं ते उपाशी असतीन."

मला माहीत होतं. लिंबाखाली भाकरी सोडताना त्यानं ते कितीदा तरी सांगितलं होतं. मी तिला सांगितलं, की म्हाताऱ्याच्या बायकोनं मक्याच्या पिठाचा घाटा केला होता. वर ताजं दूध ओतलं होतं. एक कटोरा संपला की ती दुसरा वाढायची आणि याच्या डोक्याशी उभी राहायची. तिसऱ्या कटोऱ्यानंतर त्याला उठवेना, म्हणून त्यांनी त्याला तिथंच गवतावर निजवलं.

"तीन?" तिनं विचारलं.

"तीन."

"दुधाचा?"

मी हो म्हणालो.

"तीन कटोरे," ती हलकेच म्हणाली, आणि आत्ताच जेवून उठल्यासारखं तिनं पदरानं तोंड पुसलं.