फुग्यापाशीचा ठोसा

हमरस्त्यावर ट्रक थांबतात तिथे एक पत्र्याची शेड आहे. बाहेर जुन्या टायरांची चळत, आत हवेचा पंप आणि पंपाशेजारी बाह्या सरसावून उभी असलेली बाई. तिला सगळे टॉमी म्हणतात. टॉमी म्हणजे रिमवरून टायर उचकटायची लोखंडी पहार. हे नाव कुत्र्याचंही असतं म्हणून हसणाऱ्या ड्रायव्हरला ती एकदा नीट समजावून सांगते. दुसऱ्यांदा हसला तर पहार दाखवते. तिसऱ्यांदा कोणी हसल्याचं ऐकिवात नाही.

धंदा बापाचा. बाप याच शेडमध्ये मेला. ट्रकच्या चाकात हवा भरताना रिमवरची लोखंडी कडी उडाली आणि त्याच्या छातीत शिरली. टॉमी तेव्हा शाळेत होती, आई त्याच्याही आधी गेलेली. थोरल्या बहिणीनं जमिनीवरच्या रक्तावर वाळू टाकली, ती झाडून काढली आणि धाकटीला जेवायला वाढलं. तेव्हापासून ताई हीच आई आणि ताई हाच बाप. धाकटीचा हात पहारीवर बसल्यावर मगच ताईनं लग्न केलं. आता तरी ही सुखात राहील, असं टॉमीला वाटलं. वाटायला काय जातं?

भावोजी विमा कंपनीत साहेब. बोलणं मऊ, शर्ट कडक इस्त्रीचा. दरवर्षी तलावाकाठी छोटी ट्रायथलॉन व्हायची, म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं. तिच्यात हौशी गटातला एखादा करंडक ठरल्यासारखा त्यांच्याकडे यायचा. ते करंडक पुसायचं काम ताईचं. शर्यतीच्या दिवशी कुंपणाला टेकून टॉवेल धरून उभं राहायचं कामही ताईचं. आणि शर्यत वाईट गेली की घरी जाऊन तिचा सगळा वचपा निघायचा तोही ताईवरच.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की कानातून रक्त आलं आणि त्या बाजूचं ऐकू येणं कायमचं गेलं. न्हाणीघरात पाय घसरला, असं तिनं डॉक्टरला सांगितलं. टॉमीला खरं काय ते कळलं तशी ती घण उचलून थेट त्यांच्या दारात गेली. दार ताईनं उघडलं आणि चौकटीला दोन्ही हात लावून ती आडवी उभी राहिली.

"बाजूला हो, ताई. आज याचे गुडघे फोडते."

"आणि उद्या?" ताई म्हणाली. "उद्या तू तुझ्या शेडमध्ये असशील आणि मी इथे. जा घरी."

"मग पोलिसांत जाते."

"जा. मी सांगेन, पाय घसरला."

टॉमी घण घेऊन परत आली. त्या दिवशी शेडवर जो जो टायर आला, त्याला माणसासारखा मार बसला. उघडपणे हात उचलायची तिला बंदी होती, आणि हात तर शिवशिवत होते. अशा वेळी माणसाला कोणी ना कोणी वाट दाखवतोच, चांगली की वाईट हा भाग वेगळा.

तिला वाट दाखवली तलावातल्या होडीवाल्यानं. शर्यतीत बुडणाऱ्यांना बाहेर काढायचं काम त्याच्याकडे असे, आणि त्यासाठी जुन्या ट्यूब न्यायला तो शेडवर यायचा. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघता बघता तो म्हणाला, "शिट्टी झाली की सगळे सुटतात पाण्यात बांधलेल्या त्या केशरी फुग्याकडे. पहिलं वळण ना. जो तो आतल्या बाजूनं वळायला बघतो. मग काय, कोपरं, लाथा, ठोसे. नाकं फुटतात, दात पडतात. कोण कोणाला हाणतंय ते मला होडीतूनसुद्धा दिसत नाही."

"आणि मग तक्रार?"

"कसली तक्रार? पाण्यात लागायचंच."

टॉमीनं ट्यूब बाहेर काढली, पुसली आणि विचारलं, "नाव कुठे द्यायचं?"

तिला पोहता येत नव्हतं. सार्वजनिक तरणतलावावर चिमुरड्या पोरांच्या वर्गात उभी राहून ही घोडी पाण्यात फुंकर मारायला शिकली. पोरं फिदीफिदी हसायची. तिनं नाकातोंडात पाणी घेतलं, ओकली, पुन्हा उतरली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि हळूहळू तिला जोरात पोहता येऊ लागलं, पण फक्त फुग्यापर्यंत. पुढचं तिनं शिकून घेतलंच नाही. सायकल म्हणून शेडमध्ये पडलेली एक जुनी गाडी तेलपाणी करून ठेवली. पळायचा सराव तर केलाच नाही. तिची शर्यत फुग्यापाशीच संपणार होती.

शर्यतीच्या सकाळी काठावर सगळ्यांच्या डोक्याला एकसारख्या पिवळ्या टोप्या होत्या. भावोजी मान वाकवून उभे होते आणि ताई मागून त्यांच्या पोहण्याच्या चष्म्याचा पट्टा आवळत होती. त्यांनी टॉमीला पाहिलं आणि हसले.

"अरे वा, टायरसुद्धा आलाय शर्यतीला. बुडू नकोस म्हणजे झालं."

ताई हसली नाही. "तू कशाला आलीस गं?" तिनं विचारलं.

"पोहायला," टॉमी म्हणाली.

शिट्टी झाली आणि पाण्याचा नुसता चिखल झाला. टॉमी भावोजींच्या बरोबर मागे शिरली होती. कोणाची टाच तिच्या ओठावर बसली, कोणी तिच्या पाठीवरून वर चढून पुढे गेलं. तिनं एकाला खांद्यानं उडवलं, दुसऱ्याला दंड धरून बाजूला फेकलं. फुग्यापाशी गर्दी तुंबली तसे भावोजी अडकले, आणि तिनं त्यांचा घोटा पकडून त्यांना मागे ओढलं. ते काय झालं म्हणून वळले. तिनं बरगडीत कोपर घातलं. त्यांचं तोंड वासलं आणि त्यात पाणी गेलं. मग तिनं घण धरणारी मूठ वळली आणि नाकाच्या मधोमध हाणली. हाड मोडल्याचं तिच्या बोटांना कळलं. हा कानाचा, असं ती मनात म्हणाली, आणि दुसरा ठोसा डोळ्यावर घातला. हा त्या सगळ्यांचा, जे मला ठाऊकच नाहीत. तिनं त्यांचं डोकं खाली दाबलं आणि धरून ठेवलं. ते धडपडायला लागले, नखांनी तिचा हात ओरबाडू लागले. आणखी थोडं धरलं असतं तर ते मेले असते, आणि खरं सांगायचं तर तिला गोड वाटत होतं. मग मागून कोणाची तरी लाथ तिच्या कानशिलात बसली, हात सुटला, आणि भावोजी खोकत, रक्त गाळत होडीच्या कडेला जाऊन लोंबकळले.

बाकीचं अंतर ती कशीबशी, तरंगत, गटांगळ्या खात गेली. काठावर आली तेव्हा छाती फुटायची बाकी होती आणि मन पिसासारखं हलकं झालं होतं. सायकली लावलेल्या जागी ती दम खात बसली. तेवढ्यात भावोजी आले. शर्यतीत होडीला धरून दम घ्यायला परवानगी असते. तो घेऊन ते पोहून बाहेर आले होते. नाकाचा पार बटाटा झाला होता, रक्त हनुवटीवरून गळत होतं. कोणी मारलं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ कुंपणाकडे, ताईकडे गेले.

"पट्टा सैल ठेवलास," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "चष्मा सरकला, मला काही दिसलं नाही, म्हणून हे झालं. घरी चल, मग बघतो तुझ्याकडे."

मग सायकल घेऊन ते गेले. कुंपणाची तार घट्ट धरून ताई जागच्या जागी उभी राहिली.

टॉमीनं सगळं ऐकलं होतं. ती उठून कुंपणापाशी गेली. "ताई, चल. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल."

ताईनं तिच्या मुठीकडे पाहिलं. बोटांची पेरं सोलून सुजली होती. टायर ठोकणाऱ्या हातांच्या जखमा ताईनं जन्मभर बांधल्या होत्या, तिला निराळं सांगायची गरज नव्हती.

"तू मारलंस," ती म्हणाली. "हौस भागली तुझी. आता फेड मी करू?"

"म्हणून तर म्हणते, चल."

"नाही. ते येतील तेव्हा मी इथे नसले तर दुप्पट होईल. तू जा बाई. तुझ्या पाया पडते, जा."

इतके महिने टॉमीनं एका ठोशाची तयारी केली, पण तो ठोसा शेवटी कोणाला लागणार हा विचार तिला एकदाही शिवला नव्हता. स्वतःच्या अकलेची तिला शिसारी आली. आता एकच करण्यासारखं होतं. ते ताईपाशी पोचायच्या आत त्यांना सांगायचं, की मारणारी मी. निदान राग तरी योग्य पत्त्यावर जाईल. तिनं ती खटारा सायकल ओढली आणि सुटली.

पाय ट्रकची चाकं उचलून घडलेले होते. सपाटीवर ती मागे पडली, पण चढावर भावोजींना श्वास पुरेना, नाक बंद, तोंडानं घ्यायचा. चढाच्या टोकाला तिनं त्यांना गाठलं.

"फुग्यापाशी मी होते," ती धापा टाकत ओरडली. "पट्टाबिट्टा काही नाही. मी फोडलं तुमचं नाक. काय करायचंय ते माझं करा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाय पेडलवरून काढून त्यांनी तिच्या पुढच्या चाकाला लाथ घातली. ती रस्त्यावर फरफटत गेली. गुडघ्याचं, कोपराचं कातडं निघालं, खांद्यात काहीतरी सटकलं. उतारावरून जाता जाता ते म्हणाले, "तिचं आधी. मग तुझं."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तिनं सायकल उभी केली, वाकडं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं आणि पुन्हा बसली. डावा हात नुसता लोंबत होता. सायकलीचा टप्पा संपवून ती पळायला लागली तेव्हा भावोजी पुढे दिसत होते, मध्येच चालत, रक्त थुंकत. तिला पळता येत नव्हतं. ती हाडं आपटत, तोंडानं शिव्या घालत, फक्त त्यांच्या पाठीवर नजर ठेवून जात राहिली. पळणारे तिच्याकडे पाहून बाजूला होत होते.

शेवटच्या कमानीखालून ते गेले आणि त्यांच्या मागोमाग ती. भोंग्यावरून माणूस नावं पुकारत होता, लोक टाळ्या वाजवत होते. भावोजी थेट ताईकडे चालले. ताईनं टॉवेल पुढे केला. टॉमी धावत जाऊन मध्ये उभी राहिली.

"माझं आधी," ती म्हणाली.

त्यांनी मारलं. पहिला ठोसा जबड्यावर बसला. टॉमीचा उजवा हात आपोआप वर उठला. त्या एका हातानंही ती त्यांना तिथेच आडवं करू शकली असती. पण एकदा मारून तिनं पाहिलं होतं, त्याची भरपाई कुठे होते ते. तिनं हात खाली घेतला, बोटं स्वतःच्या कपड्याच्या कडेत अडकवली आणि तशीच उभी राहिली. दुसरा ठोसा ओठांवर आला, दात हलला. तिसरा सटकलेल्या खांद्यावर. ती गुडघ्यांवर आली तशी त्यांनी पोटात लाथ घातली, एक, मग आणखी एक. टाळ्या थांबल्या. कोणीतरी कडेवरचं मूल घेऊन तिथून दूर गेलं. भोंग्यावरचा माणूस आणखी एक नाव घेऊन गप्प झाला. शेवटी होडीवाला आणि दोन पंच धावत आले आणि त्यांनी भावोजींना मागून धरलं. धरलेल्या अवस्थेतही त्यांचे पाय चालूच होते.

मग ते भानावर आले. केस सारखे केले. "घरगुती भांडण आहे," ते लोकांना म्हणाले, आणि बायकोकडे वळून मऊ आवाजात, "चल घरी."

ताई हलली नाही. तिचा रंग उतरला होता आणि ती त्यांच्याकडे अशी पाहत होती, जणू आत्ताच कोणी ओळख करून दिली.

"मी नाही येत," ती म्हणाली.

ती कुंपणाच्या फटीतून अंग चोरून आत आली आणि मातीत टॉमीपाशी बसली. रक्तानं भरलेलं बहिणीचं तोंड तिनं दोन्ही हातांत धरलं.

"मारताना ते असे दिसतात होय," ती म्हणाली. "मी दर वेळी डोळे मिटून घेते गं. मी कधी पाहिलंच नव्हतं."