भागीबाईची पुजलेली सायकल

मखमलाबादच्या आमच्या गल्लीत सायकली पुष्कळ होत्या, पण पहाटे सगळ्या गल्लीला जागं करणारी एकच. तिला घंटी नव्हती. ब्रेक नव्हते, मडगार्ड नव्हतं, नुसता खुळखुळाट होता. तो कानावर आला की आमची मंडळी म्हणायची, उठा आता, भागीबाई निघाली. मग मी उठायचो. कुणी बाई माझ्याआधी कामाला लागलेली मला तेव्हाही सहन व्हायची नाही आणि आजही होत नाही, पण भागीबाईच्या आधी उठणं काही मला उभ्या जन्मात जमलं नाही.

ती आमच्या शेजारच्या वाळूची बायको. वाळू म्हणजे सखुबाईचा एकुलता एक. मळा टीचभर, त्यात झेंडू, शेवंती, कडेनं मेथी-कोथिंबीर. त्र्याहत्तर साली, नवरात्र होऊन महिना झाला नसेल, एका दुपारी वाळूच्या पोटात कळ उठली आणि गडी गडाबडा लोळायला लागला. गल्लीत पुरुष म्हणून कुणी नव्हतं, आम्ही सगळे कामावर. घरात सायकल होती, पण चालवणारा तोच. भागीबाईनं त्याला कॅरिअरवर बसवला, धोतराच्या फडक्यानं सीटला बांधला आणि हँडल धरून, अर्धी चालत अर्धी पळत, त्याला नाशिकला नेला. तोवर आत आतडं फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हातात काही होतं.

दिवसकार्य झालं तसे माहेरचे न्यायला आले. वय लहान, पदरात पोर नाही, इथं कशासाठी राहायचं, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. भागीबाईनं त्यांना जेवू घातलं, वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूची सायकल घेऊन खळ्यावर गेली.

काय पडायची म्हणून सांगू! गुडघे फुटले, कोपर सोलले, एकदा तर बाभळीतच गेली. गल्लीतले शहाणे कट्ट्यावर बसून हसायचे. बाईमाणूस, त्यात कपाळ रिकामं, आणि ही गड्याच्या सायकलीवर टांग टाकते! सखुबाई तर सुनेशी आठवडाभर बोलली नाही. एक मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की नळीच्या सायकलीवर बसायला बाईला काहीच अडत नाही. भागीबाईला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पंधरवड्यात ती पुढं नळीवर भाजीचं गाठोडं आणि मागं कॅरिअरवर फुलांच्या करंड्या बांधून फुलबाजारात उभी राहिली. हसणारे गप्प झाले असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे हसणारे गप्प होत नाहीत, फक्त विषय बदलतात.

सात-आठ वर्षं ती सायकल तिनं अशी वापरली की विचारू नका. ब्रेक गेले तर वहाणेची टाच चाकाला लावून थांबायची. फ्रेमला दोनदा जोड मारला. सखुबाईचा सांधेवाताचा गुडघा दाखवायला त्याच कॅरिअरवरून न्यायची, आणि म्हातारी पाठीमागून सबंध वाटभर शिव्या घालायची, हळू हाण, हळू हाण. पण बसायची. बरं, कुणाच्या घरी कुणी आजारी पडलं की निरोप आधी भागीबाईला. किती जणांना तिनं दवाखान्यात पोचवलं त्याचा तिनं कधी उच्चार केला नाही, म्हणून मी करतो. मी कौतुक करणाऱ्यातला माणूस नाही, हे गल्लीत कुणालाही विचारा.

एक्क्याऐंशीच्या श्रावणात मात्र सायकलीचा पुढचा फोर्क भररस्त्यात मोडला. भागीबाई मेथीच्या जुड्यांवर पडली म्हणून वाचली. सखुबाईनं त्याच दिवशी ठरवलं, नवी घ्यायची. आपली दुभती शेळी तिनं स्वतः बाजारात नेऊन विकली आणि मला हुकूम सोडला की कारभारी, दुकानात पुरुषमाणूस पाहिजे, तू जा बरोबर.

मेन रोडच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदारानं भागीबाईकडे एकदा पाहिलं आणि चकाचक लेडीज सायकल पुढं ओढली. निळी, चाकाला जाळी, साखळीला झाकण. गुण सगळे मला सांगत होता. भागीबाई पाठीमागच्या ओळीतली डबल नळीची काळी सायकल हातानं दाबून बघत होती. तिनं विचारलं की ह्या निळीला पुढं नळीच नाही, तर मग गाठोडं काय माझ्या गळ्यात बांधू? दुकानदार म्हणाला, बाई, ती दूधवाल्यांची गाडी आहे, तुम्हाला झेपायची नाही. भागीबाईनं ती काळी सायकल रस्त्यावर काढली, पदर खोचला, टांग टाकली आणि चौकापर्यंत जाऊन आली. दुकानदारानं निळी परत जागेवर लावली. जुनी तिथंच मोडीत दिली. मला वाटलं, बाईच्या डोळ्याला पाणी येईल. तिनं कॅरिअरची दोरी तेवढी सोडून घेतली, चांगली होती म्हणून.

नव्या सायकलीला दोन्ही ब्रेक होते आणि तिला सवय टाचेची. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी तिनं दोन्ही एकदम दाबले आणि अख्खी कोथिंबीर हँडलवरून पुढं गेली, तिच्यामागोमाग ती. उठली, हसली, कोथिंबीर झटकली. पण आठवड्यात सायकल हाताखाली आली. मग तिची चाल अशी काही सुटली की बाजारात ती सगळ्यांच्या आधी हजर. सखुबाई रोज संध्याकाळी खोबरेल तेलाचा हात नळीवरून फिरवायची. सुनेच्या डोक्याला कधी लावलं नसेल एवढं तेल त्या सायकलीला लागलं.

आता खंडेनवमीचं. मी सातपूरला कारखान्यात फिटर होतो. नवमीला आमच्याकडे काम बंद, सगळ्या यंत्रांची पूजा. दरवर्षी हारफुलं शहरातला एक व्यापारी द्यायचा, शिळी आणि अर्धी कुजकी. त्या वर्षी मी साहेबांकडे भागीबाईसाठी शब्द टाकला. साहेब म्हणाले, अकराच्या आत फुलं आली तर वर्षभराची सगळी ऑर्डर त्या बाईंची, आणि नाही आली तर परत विषय काढू नका. भागीबाईनं अख्खा झेंडू त्या दिवसासाठी राखला. बाजारात एक फूल नेलं नाही. नवमीचा झेंडू दसऱ्याच्या दुपारनंतर कुणी गुरांपुढंही टाकत नाही, हे मळेवाल्यांना सांगायला नको.

पहाटेच ती मळ्यात फुलं तोडायला गेली. इकडं सखुबाईला राहवलं नाही. दरवर्षी सायकलीची पूजा व्हायची ती भागीबाई बाजारातून आल्यावर, दुपारी, आणि तीही दारातच हळदीचं एक बोट लावून. पण आता सायकल नवी! म्हातारीनं ती घरात घेतली, मधोमध स्टँडवर उभी केली, चाकाखाली तांदूळ, हँडलला हार, सीटवर नारळ. विळा, कुदळ, खुरपं शेजारी मांडलं. उदबत्ती लावली आणि कौतुकानं बघत बसली. आणि आमच्याकडे नवमीला हत्यार एकदा पुजलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हलवत नाहीत. त्याला त्या दिवशी विश्रांती.

भागीबाई डोक्यावर करंडी घेऊन दारात आली आणि जागीच उभी राहिली. सखुबाईच्याही तेव्हाच लक्षात आलं, आपण काय करून बसलो. तिचा चेहरा पडला, पण ती मागं हटेना. सायकल हलणार नाही, म्हणाली. आवाज चढला तसा मी दाढी अर्धी टाकून तिथं गेलो. दुसऱ्याची सायकल मागावी तर त्या दिवशी गावातली प्रत्येक सायकल पुजलेली. माझी आमच्या मंडळींनी रात्रीच पुजून ठेवली होती, मी बसनं निघणार होतो. बसमध्ये सणाची गर्दी, कंडक्टर करंड्या घेणार नाही. रिक्षा गावात नव्हती. मी चिडून सखुबाईला म्हणालो की म्हातारे, हे काय करून ठेवलंस, सूनबाईच्या पोटावर पाय देतेस. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भागीबाईकडे बघत होती.

"वाळूनं नवमीला पुजलेलं इंजिन चालू केलं व्हतं," ती म्हणाली. "पिकाला पाणी द्यायचंय म्हणला. महिन्यात गेला. तुला मी जाऊ द्यायची नाय. फुलं सडू दे, ऑर्डर जाऊ दे. मला आता तूच हायेस."

इतक्या वर्षांत ह्या दोघी एकमेकींशी असं कधी बोलल्या नसतील. भागीबाईनं करंडी खाली ठेवली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, पण ती रागावली नव्हती. सासूसमोर उकिडवी बसली.

"आत्याबाई, ते इंजिनापायी नाय गेले. मला सायकल येत नव्हती, म्हणून गेले. आता येती."

सखुबाईनं भिंतीचा आधार घेऊन गुडघा सरळ केला, उठली, सीटवरचा नारळ स्वतः उचलला, विळ्याजवळ ठेवला, आणि स्टँड पायानं काढून सायकल आपल्या हातानं उंबऱ्याबाहेर ढकलत आणली. देवाचं काय ते मी बघते, तू नीघ, एवढंच म्हणाली. हार काढायलासुद्धा वेळ नव्हता. आम्ही दोघांनी करंड्या बांधल्या आणि भागीबाई हार घातलेल्या सायकलीवरून सातपूरच्या रस्त्याला लागली.

मी बसनं पोचलो तर ती आधीच फाटकात होती. करंड्यांची फडकी बाजूला केली तेव्हा सगळं आवार पिवळंधमक झालं. लेथ मशिनवाल्यांनी फुलं ओंजळी भरभरून नेली. साहेबांनी स्वतः खाली येऊन फूल हातात घेतलं, दव होतं त्याच्यावर. तिथल्या तिथं वर्षभराची ऑर्डर पक्की केली, वर दसऱ्यासाठी शेवंतीही सांगितली. परत जाताना मी तिच्या कॅरिअरवर बसलो. लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

गल्लीत आलो तर सखुबाई ओट्यावर, रस्त्याकडे डोळे लावून बसलेली. सकाळपासून चहाचा घोट घेतला नव्हता, असं आमच्या मंडळींनी सांगितलं. भागीबाई उतरली. म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, हातपाय शाबूत आहेत ना हे बघावं तसं. मग आतून ताट आणलं. सायकल घरात घेऊन पुन्हा पुजली. विळ्याला बोट लावलं, कुदळीला लावलं, खुरप्याला लावलं, आणि तेच कुंकवाचं बोट भागीबाईच्या कपाळाला लावलं.

भागीबाई दचकून मागं सरकली. आठ वर्षं त्या कपाळाला कुंकू नव्हतं. दारात बायका जमल्या होत्या, त्यांच्यात कुजबुज झाली. सखुबाई वळली आणि तिनं एकेकीकडे असं पाहिलं की मी पुरुष असून दोन पावलं मागं झालो.

भागीबाई पदर सावरून चुलीकडे निघाली, भाकरी टाकायला. सखुबाईनं तिचा दंड धरला, तिला सायकलीशेजारी खाली बसवलं आणि आपण चुलीशी गेली.

"पुजलंय आता तुला," ती पाठमोरीच म्हणाली. "उद्या सकाळपातूर हलायचं नाय."