इस्त्रीच्या खोलीतले आवाज

इस्त्रीच्या खोलीत मेलेली माणसं बोलतात, अशी वसतिगृहात आवई होती. दुपारी दाराला कान लावला की आत कुणाचा बाप खाकरायचा, कुणाची आई करवादायची, "पंखा बंद कर, बिल काय तुझा मामा भरणार?" हे सगळं म्हणे इस्त्रीवाली ताई घडवून आणते, तिला भुतं वश आहेत.

भुतं कसली, ताईला साधी इस्त्रीची वायर वश नव्हती. ती इथेच पोरकी वाढली आणि आता इथलेच कपडे इस्त्री करायची. दुपारी ती पोरांना चादरींच्या ढिगावर बसवायची. प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचं एक वाक्य त्याच्याच सुरात म्हणायचं. रडलं तरी चालेल. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही.

"उत्तर दिलं की ते मुक्कामाला येतात," ताई म्हणायची.

नकल्याही पोरकाच, पण तिथे यायचा तो मजा म्हणून. वॉर्डनबाईंपासून गळक्या नळापर्यंत सगळ्यांचे आवाज त्याच्या घशात. एकदा नवी आलेली चिमणी पुटपुटली, "मला आईचा आवाजच आठवत नाही." नकल्याला राहवलं नाही. जाड होता की बारीक, विचारत विचारत त्याने तो जुळवला आणि हाक मारली, "चिमणे, जेवलीस का गं?"

"नाही गं आई," चिमणी म्हणाली.

त्यानंतर ती जेवेनाच. आई पुन्हा विचारेल म्हणून त्या खोलीच्या दाराशी बसून राहायची. हळूहळू बाकीची पोरंही दाराकडे पाठ करायला घाबरू लागली. नकल्याची पाचावर धारण बसली.

"अगं, तो मी होतो."

"माहीत आहे," चिमणी म्हणाली. "पुन्हा काढ."

ताईने चिमणीपुढे ताट ठेवलं आणि नकल्याकडे वळली. "कुणाचाही आवाज काढतोस ना रे? तुझ्या आईचा काढ."

"त्यात काय. चुटकीसरशी."

"लाव पैज. जमलं तर महिनाभर तुझे कपडे कडक इस्त्रीचे. नाही जमलं तर रोज हिच्याशेजारी बसून जेवायचं, आणि बोलायचं ते स्वतःच्या आवाजात."

नकल्याने घसा साफ केला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. वॉर्डनबाई आल्या, नळ आला. आई काही आली नाही.

चिमणी बघत होती. "तुलाही आठवत नाही?"

त्याने मान हलवली. ती जरा सरकली. तो शेजारी बसला.

"गार झालंय जेवण," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला.

"असू दे," चिमणीने घास उचलला.