नानांची कोथिंबीर

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, कुठल्याही वस्तूकडे बघताना आधी तिच्यातली चूक बघायचे. वस्तू नंतर दिसायची, दिसली तर. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं तयार सुटे भाग तपासायचं काम केलं. भाग हातात घ्यायचा, फिरवायचा, उजेडाला धरायचा आणि केसाएवढी खोट दिसली की बाजूच्या लाल पेटीत टाकायचा. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, लाल पेटी तेवढी डोक्यातून सुटली नाही. माझी पोळीसुद्धा ते ताटातून उचलून खिडकीच्या उजेडाला धरायचे. “ही नाय चालणार,” म्हणायचे आणि बाजूला ठेवायचे. दुसरी चालायची असंही नाही, पण तोवर भूक लागलेली असायची.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मला ते जमेल असं वाटत नाही. पण त्यांच्यासारखी माया मला दुसऱ्या कोणाची लागली नाही, आणि त्यांच्याशी वागले तेवढी वाईट मी दुसऱ्या कोणाशीही वागले नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत लग्न होऊन मी सातपूरच्या त्या घरात आले. पुढे दोन खोल्या, मागे नानांची एक खोली आणि तिच्यामागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा. सासूबाई आधीच गेल्या होत्या. माझा नवरा विलास शिफ्टवर असला की घरात मी आणि नाना, दोघंच. माझं माहेर नाशिकरोडला तिसऱ्या मजल्यावर. भाजी म्हणजे हातगाडीवर पिकते अशीच माझी समजूत होती. महाशिवरात्र झाली, थंडी ओसरली आणि एका सकाळी नानांनी माझ्या हातात खुरपं दिलं. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती.

“आत्ता बी जमिनीत गेलं पायजे,” ते म्हणाले. “उशीर केलास तर भाजी ऊन खाईल, तू नाय.”

चार दिवस मी ढेकळं फोडली. शेणखत हातानं कालवलं. नाना बाजेवर बसून तपकीर ओढत बघत होते. तळहाताला फोड आले ते मी त्यांना दाखवले, जरा कौतुक होईल म्हणून. त्यांनी हात उजेडाला धरला. “डाव्या हाताला कमी हेत. डावा हात चोरतेस तू,” म्हणाले. त्या दिवसापासून मी डाव्या हातानंही खुरपायला शिकले. आजही मला दोन्ही हातांनी खुरपता येतं, आणि खुरपताना नानांना एखादी शिवी गेल्याशिवाय राहत नाही.

त्यांची भाजी दोरीत लागायची. वाफ्याच्या दोन टोकांना खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी, आणि वितीवर एक बी. मी भेंडी लावली ती अर्ध्या ओळीनंतर दोन बोटं सरकली. नानांनी तेव्हा ती तशीच राहू दिली. भेंडी उगवली, चार-चार पानांवर आली. नेमकी माझी आई मला भेटायला आली त्या दिवशी ते मागे गेले आणि सरकलेली सगळी रोपं उपटून तिच्या पायाशी आणून ठेवली. आईला आधी वाटलं, आहेर आहे. “ओळ वाकडी होती,” नाना म्हणाले. आई हसून म्हणाली, “अहो, घरची भेंडी आहे. वाकड्या ओळीतली काय वाईट लागते?” नाना म्हणाले, “इमान वर गेल्यावर पाना घेऊन मागं जाता येत नाय, ताई. चूक जमिनीवर हे तवरच काढायची.” आई त्यानंतर आमच्याकडे आली की मागच्या दाराकडे फिरकत नसे.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते. काकडीच्या वेलाला पाणी घालायचं माझ्याकडे होतं. मळमळीनं मी दोन दिवस उठले नाही आणि पाणी चुकलं. पहिली काकडी निघाली ती कडू जहर. नानांनी एक फोड चाखली, उरलेली बशीत घालून माझ्यापुढे ठेवली. “पाणी कोणी चुकवलं? आता खा.” आणि मी संपवेपर्यंत समोर उभे राहिले. मी रडत रडत पूर्ण काकडी खाल्ली. विलास तिथेच बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याला नाड्या बांधायला इतका वेळ लागलेला मी ना त्याआधी पाहिला ना नंतर.

मुलगी झाली आणि मी बाळंतपण करून माहेराहून परतले त्या दिवशी नानांनी शेपू खुडून आणला. बाळंतिणीला दूध येतं म्हणून आमच्याकडे शेपू देतात. दाराबाहेरूनच त्यांनी रोळी आत सरकवली. आत न बघता म्हणाले, “काडीन् काडी बघितलीय. पाच किडक्या निघाल्या, काढल्या.” एवढा बारीक पाला त्यांनी काडी काडी करून उजेडाला धरला असणार. त्या भाजीच्या पहिल्या घासाला मला हुंदका आला. नाना प्रेम करायचे, पण तेही तपासून.

असं होत होत मी तयार झाले. पाच-सहा वर्षांत वसाहतीतल्या बायका फाल्गुनात माझ्याकडे रोपं मागायला यायला लागल्या. एकदा वांग्याचा वाफा बघून नाना “चालंल” म्हणाले. बारा वर्षांत एकदा. तो शब्द मी विलासला तीन वेळा सांगितला. पण नानांचे डोळे जसे मी घेतले तशी त्यांची जीभही घेतली, आणि ती माझ्या तोंडात कधी बसली ते मला कळलंच नाही.

पुढे नानांचे हात कापायला लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी नजर पहिल्यासारखी आली नाही. पंचाहत्तरीला आलेला माणूस तण समजून माझी मिरचीची सगळी रोपं उपटून बसला. रोपं मूठ भरून घेऊन मला दाखवायला आले, “किती गवत माजू दिलंस बघ.” शेजारच्या शिंदेवहिनी भिंतीपलीकडून बघत होत्या. मी ती मूठ त्यांच्या हातातून घेतली, उजेडाला धरली आणि म्हणाले, “ही मिरची आहे, नाना. तुमची तपासणी संपली आता. बाजेवर बसा.” शिंदेवहिनी हसल्या. नानांनी हात धोतराला पुसले आणि खरंच बाजेवर जाऊन बसले. मी त्यांचं खुरपं माळ्यावर टाकलं.

त्यानंतरचं वर्ष मी त्यांना वाफ्यात पाय ठेवू दिला नाही. ते मागच्या दारात उभे राहायचे. मी पाठीमागून जाताना म्हणायचे, “दार अडवू नका.” जेवताना त्यांच्या हातून वरण सांडलं की मी ताट सरकवून सांडलेलं दाखवायचे, तोंडानं बोलत नसे. एकदा नळ चालू राहिला आणि टाकी रिकामी झाली, तेव्हा मी विलासला त्यांच्यासमोर विचारलं, की भावजींनी यांना पुण्याला न्यायला काय हरकत आहे. थोरले भावजी वसंतराव पुण्यात चौथ्या मजल्यावर राहत होते. तिथे माती म्हणून नव्हती, तुळससुद्धा प्लास्टिकच्या कुंडीत. मला नानांची खोली मुलीच्या अभ्यासाला हवी होती. हे कारण खोटं नव्हतं, पण तेवढंच नव्हतं.

विलासचं उत्तर ठरलेलं: “बघू.” बघू म्हणता म्हणता माघ आला. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. आत आले नाहीत.

“मला एक वाफा दे,” म्हणाले. “कोथमीर पेरतो. होळीपर्यंत उगवली तर मला हितंच ठेवा. नाय उगवली तर वसंताकडं धाडा. मी एका शब्दानं कुरकुर करणार नाय.”

विलास चहा पीत होता. “चालेल की, नाना,” तो म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं ओझं कोथिंबिरीनं उचललं होतं. दोन मुलं असलेल्या माणसानं कुठे राहायचं ते एका पालेभाजीवर सोडून आम्ही सगळे मोकळे झालो. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

“धने दे मूठभर,” नाना मला म्हणाले. “घरातलेच चालतील. बाजारात जायला आता मला दिसत नाय.”

मी त्या वर्षी मसाला लवकर करायला घेतला होता. ओट्यावर परातीत भाजलेले धने गार होत होते. कच्चे धने मागच्या डब्यात होते. माझा हात आधी डब्याकडेच गेला, झाकणाला लागलासुद्धा. मग तो मी मागे घेतला आणि परातीतले मूठभर धने नानांच्या ओंजळीत घातले. त्यांची नजर गेलेली होती. तपकिरीनं नाक तर कधीच गेलं होतं. हे सगळं मी त्या एका क्षणात मोजलं होतं, म्हणून चुकून झालं असं मला स्वतःलाही सांगता येत नाही.

नानांनी ते धने मागच्या पायरीवर पसरले आणि चपलेनं रगडले. धन्याच्या दोन फाकी झाल्याशिवाय तो नीट उगवत नाही. रगडून झाल्यावर त्यांनी थोडे तळहातावर घेतले, बोटानं चाचपले आणि तसेच बराच वेळ बसून राहिले. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, थकले. मग त्यांनी सुतळी मागितली, खुंट्या ठोकल्या, आणि कापऱ्या हातानं ओळ धरून धने पेरले. ती ओळ सरळ आली होती.

रोज सकाळी ते तांब्यानं पाणी घालायचे, धार हाताच्या बोटांवर घेऊन, म्हणजे माती उखडू नये. गोणपाट भिजवून वाफ्यावर अंथरायचे. दहाव्या दिवशी शिंदेवहिनींनी भिंतीवरून विचारलं, “काय नाना, कोथिंबीर लाजली का?” नाना म्हणाले, “बियाणात खोट नाय. पेरताना माझाच हात खोल गेला.” आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढणारा माणूस पहिल्यांदा चूक स्वतःकडे घेत होता. मी तेव्हा धुणं वाळत घालत होते. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, आता कळलं असेल कसं वाटतं ते.

दोनदा मी दुपारी, ते झोपलेले असताना, कच्चे धने मुठीत घेऊन वाफ्यापर्यंत गेले. गोणपाट उचललं. खाली माती रेशमासारखी मऊ आणि ओली होती. दोन्ही वेळा मी गोणपाट खाली टाकलं आणि धने परत डब्यात ओतले. एकदा काकडी आठवली. दुसऱ्यांदा काहीच आठवलं नाही, नुसतीच परत आले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी नानांनी आपली ट्रंक आपणच ओढून दारात आणली. आठवड्यानं भावजी गाडी घेऊन आले. विलासचे डोळे भरले होते आणि तो सारखा, “करमलं नाही तर या हं, नाना,” म्हणत होता. ते परत आले नाहीत. सात महिन्यांनी पुण्यातच गेले.

निघताना मी पाया पडले. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी तो लवकर काढला नाही. मग खाली वाकले, माझ्या कानापाशी आले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

“धने भाजताना गॅस बारीक ठेवत जा. अर्धे करपले होते.”

आणि गाडीत बसले. मी वाकलेलीच राहिले. गाडी वळणावर गेल्यावर विलासनं विचारलं, “काय म्हणाले गं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “स्वयंपाकाचं सांगत होते.”