चारनंतर पाणी बंद

मंडळी, आत्ताच शेजारच्या आक्कांच्या पंचाहत्तरीवरनं घरी आलोय आणि डोकं नुसतं सणकलंय.

कळंब्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला दहा फुटी डिजिटल, म्हणजे प्लॅस्टिकचा फ्लेक्स बोर्ड लागलाय. त्यावर आक्का, डोक्यावर मुकुट, खाली 'आमचं दैवत'. लेकाचा फोटो मात्र दैवताच्या दुप्पट.

संध्याकाळी पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं. मी पाया पडायला वाकलो, तर आक्का हळूच म्हणाल्या, "बाळा, वाईच पाणी देतोस काय? ह्यो बघायच्या आत."

ओठ पार सुकलेले. मी ग्लास आणला, तर लेकानं हसत माझं मनगट धरलं. "नको की भावा! रातीला अंथरूण वलं करती. चारनंतर पाणी बंद हाय तिचं."

चारचौघांत सांगितलं त्यानं हे. लाज सोडाच, शिस्त लावल्याचा रुबाब होता! आणि आलेली माणसं माना डोलवत जिलेबी खात होती.

मी ग्लास सोडला नाही. आक्का घटाघटा प्यायल्या आणि लेकाकडं बघून म्हणाल्या, "आजच्या दिवस, बाबा. परत न्हाय मागणार."

अंथरूण धुवायचा कंटाळा म्हणून आईला तहानलेली ठेवायची, याला सांभाळणं म्हणत नाहीत, छळ म्हणतात. अरे शहाण्या, तो डिजिटल काढून गादीवर अंथरला असतास तरी भागलं असतं की!

तुम्ही आज एवढंच बघा. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाला तांब्या आहे का? असला, तर त्यात पाणी आहे का?