नंदनचा जबडा

माझा नातू नंदन कॅनडात, एडमंटनच्या एका छोट्या क्लबात बेसबॉल खेळतो. पगारी खेळाडू आहे. बेस म्हणजे पळत गाठायचे टप्पे; याची राखायची जागा तिसऱ्या बेसची. तिथे बॉल असा येतो की हात घालायला उशीर झाला तर दात वेचत बसायचं. बॅटिंगला आला की मोठा फटका नाही मारत, पण बॉल बॅटला लागला नाही असं सहसा होत नाही. टुकटुक करत बेस गाठतो.

गेल्या उन्हाळ्यात समोरच्या टीमचा एक दांडगा घसरत तिसऱ्या बेसवर आला आणि नंदनचा खिळ्यांचा बूट त्याच्या हातावर पडला. रक्त आलं. आमच्यात पाय लागला की त्या माणसाला हात लावून छातीशी न्यायचा, हे मीच त्याच्या अंगात मुरवलेलं. तो वाकला, दांडग्याच्या खांद्याला हात लावला, छातीशी नेला. दांडग्याला वाटलं, चिडवतोय! उठला तो नाकावर ठोसा घालूनच. दोन्हीकडचे धावले. कोणाची भुवई फुटली, कोणाचा कान सोलला.

"आई, बघ तुझा नमस्कार काय करतोय!" प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेला माझा लेक प्रेमानंद ओरडला.

पंचांनी सोडवलं, पण राग राहिला. नंदन बॅटिंगला आला तेव्हा त्यांच्या पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, पहिलाच बॉल तोंडावर मारला. जबडा मोडला, तारांनी बांधला. पोरगं कितीतरी दिवस स्ट्रॉने वरण पीत होतं.

यंदा परत उभा राहिला, पण बॉल आला की मागे सरकायचा. बॅट हवेतच फिरायची. कोच म्हणाला, "अजून एक मॅच बघतो, नाहीतर घरी जा."

ती मॅच नेमकी त्याच पिचरशी.

"नको जाऊस रे," मी म्हटलं.

"आजी, आय हॅव टु."

पहिला बॉल पुन्हा तोंडाकडेच. तो चुकवायला नंदन आडवा झाला. उठला, माती थुंकला आणि होता तिथेच उभा राहिला. दुसरा बरगड्यांकडे आला. या वेळी तो हलला नाही, बॅट घातली. बॉल सुसाट जाऊन पिचरच्या नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. तो माणूस गुरासारखा ओरडत कोसळला. नंदनने पळत पहिला बेस गाठला.

प्रेमानंद उभा राहून टाळ्या पिटायला लागला. मी त्याचा शर्ट ओढला. "बस खाली. त्याचीही आई इथंच कुठं बसली असेल."

कोचने नंदनला ठेवून घेतलं. घरी निघालो तर नंदन म्हणतो, आधी हॉस्पिटलला चला, त्या पिचरला भेटायचंय.

"शिव्या खाशील," प्रेमानंद म्हणाला.

"आय नो. ड्राइव्ह, बाबा."